दीड फुटाची पट्टी, तीस हातांचा दोर

माझा नवरा झाडं पाडायचा. आता गुडघ्यांनी त्यालाच पाडलंय, म्हणून ‘पाडायचा’ म्हणायचं. समोर मी त्याला ‘अवो’च म्हणते, पण लिहिताना एकेरीत लिहिणार आहे. त्याच्या कपड्यांतला पेट्रोलचा आणि ऑइलचा वास मी उभा संसारभर धुतलाय, तेवढी मोकळीक मला असावी.

लग्न झालं ते नव्वदीच्या मधल्या वर्षांत. माझं माहेर राधानगरीकडचं, डोंगरउतारावरची भातशेती, आणि सासर गडहिंग्लजजवळ. तेव्हा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ दोन मुठींची लांब करवत ओढायचे, एक इकडून आणि एक तिकडून. पुढं दीर कोल्हापुरात फाउंड्रीत लागले आणि करवतीची एक मूठ रिकामी पडली. नवऱ्यानं एक महिना तोंड पाडून काढला आणि मग एक दिवस कुणाचं तरी वापरलेलं कटर मशीन पोत्यात घालून घरी आणलं. साखळी ज्या पट्टीवर फिरते, ती पट्टी दीड फुटाची. लांब पट्टीचं मशीन आपल्या ऐपतीतलं नव्हतं, आणि त्या इंजिनाला लांब पट्टी ओढलीही नसती. गावातले सगळे हसले. “ह्येनं काय शेवग्याच्या शेंगा तोडणार हाईस व्हय रं?” असं एकानं तोंडावर विचारलं. माझ्या नवऱ्याचा स्वभाव असा की त्याला राग येतच नाही. मला येतो. देवानं आमच्या घरात राग वाटताना सगळा माझ्याच पदरात टाकला असावा.

चार फूट जाडीचं झाड दीड फुटाच्या पट्टीनं कसं पडतं, हे त्यानं मला स्वयंपाकघरात समजावलं. मी भाजीला घेतलेला तांबडा भोपळा त्यानं पुढ्यात ओढला आणि माझी लहान सुरी हातात घेतली. ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला आधी खाच पाडायची. पट्टी पलीकडं पोचत नाही, म्हणून निम्मी डावीकडून आणि निम्मी उजवीकडून. मग त्या खाचेतूनच सुरीचं टोक सरळ भोपळ्याच्या पोटात घालायचं आणि मधला गाभा कापून घ्यायचा. टोक घालताना खालची कड आधी टेकवायची. वरची कड लाकडाला लागली की मशीन उसळून तोंडावर येतं. खाचेच्या मागं डावीकडं आणि उजवीकडं लाकडाचा एकेक पट्टा न कापता सोडायचा, दाराच्या दोन बिजागऱ्यांसारखा. झाड पडताना त्यांच्यावरच वळतं. शेवटी मागच्या अंगाला जायचं आणि एका बिजागरीपासून दुसरीपर्यंत गोल फिरत कापत यायचं. फट पडेल तशा तिच्यात लाकडी पाचरी ठोकत जायचं, म्हणजे झाड मागं बसत नाही.

भोपळा त्यानं सांगितल्या अंगाला पडला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू कोल्हापूरच्या कळंबा तलावाला पाणी त्यानंच आणलंय. त्या दिवशी भाजीत फोडी कुठल्याच एका आकाराच्या नव्हत्या.

भोपळ्यात एक गोष्ट कळत नाही, ती झाडात कळते. डावीकडची आणि उजवीकडची खाच एकाच पातळीत मिळावी लागते. करवतीच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, एकच पातं आरपार जायचं आणि पलीकडची बाजू भाऊ सांभाळायचा. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या नवऱ्याला वाटलं की पलीकडची बाजू आपोआपच जमते. आणि हे त्याच्या ध्यानात यायचं नेमकं कुठं, तर माझ्या माहेरी! माझ्या चुलत्यांची चिंच पाडायला गेला होता. दोन खाचा चार बोटं खालीवर झाल्या, एक बिजागरी जाड राहिली, दुसरी पातळ. झाड निघालं मोकळ्या रानाकडं, मध्येच अंग वळवलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर जाऊन बसलं. म्हशी बाहेर चरायला होत्या म्हणून बरं. नवऱ्यानं चार दिवस तिथंच राहून कौलं, वासे, भिंत सगळं आपल्या हातानं नीट करून दिलं. पण माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सगळ्या भावकीसमोर एकच वाक्य टाकलं.

“पावणं झाडाला एक सांगत्यात, आन झाड दुसरंच करतंय.”

सगळे हसले. नवराही हसला, त्याचा मला जास्त राग आला. आमच्याकडं जावयाला पहिलं वर्ष-दोन वर्षं पावणं म्हणतात, मग तो घरचा होतो आणि त्याला नावानं हाक मारतात. आबांनी पावणं सोडलंच नाही. दिवाळीला गेलं की “पावण्यास्नी पाणी द्या”, “पावण्यास्नी जेवाय वाढा”. मान होता, पण त्या मानात उंबऱ्याबाहेर ठेवल्यासारखं काहीतरी होतं. नवऱ्याला ते लागायचं. परतताना एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत राहायचा.

त्या चिंचेनंतर त्यानं गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली, ती पारदर्शक, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं ती. एक टोक तो झाडाच्या एका अंगाला धरायचा, दुसरं धरायला कुणीतरी हवं होतं. ते टोक मी धरलं. खुणा झाल्या की कावेत भिजवलेली सुतळी बुंध्याला गुंडाळून तांबडी रेघ उठवायची, आणि पट्टी त्या रेघेवरून हलू द्यायची नाही. अशी मी त्याच्या धंद्यात शिरले. नळी धरून झाली की मी घरी जावं, असं त्याचं म्हणणं होतं.

मी गेलेही असते. पण एक दिवस डबा घेऊन गेले, तेव्हा तो एका जांभळीच्या मागच्या अंगाला वाकून कापत होता आणि वर एक वाळकी फांदी नुसत्या सालीवर लोंबत होती. मी बोंब मारली. मशीन चालू असताना त्याला ढोल वाजला तरी ऐकू आलं नसतं. फांदी त्याच्या पाठीमागं हातभर अंतरावर पडली. त्यानं मागं वळून फांदीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मला विचारलं, “आज काय, पिठलं हाय?” मी डबा तिथंच आपटला.

लांब पट्टीचा माणूस एका जागी उभा राहून झाड कापतो, वर बघू शकतो. आखूड पट्टीच्या माणसाला बुंध्याला चिकटून गोल फिरावं लागतं. त्याला शेंडा दिसत नाही, पलीकडची फट दिसत नाही, काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी विहिरीचा जुना दोर काढला, तीस हात भरला. त्याचं एक टोक त्याच्या कमरेला मागच्या बाजूनं बांधलं आणि दुसरं माझ्या मनगटाला.

“मी काय वळू हाय व्हय?” तो म्हणाला.

“वळू असतासा तर दोर लागला नसता. वळूला ऐकाय येतंय.”

एक हिसका म्हणजे थांबा आणि माझ्याकडं बघा. दोन हिसके म्हणजे मशीन टाका आणि पळा. तो बुंध्याभोवती सरकला की मीही लांबून सरकायचे, दोर त्याच्या पाठीशीच राहील आणि साखळीत जाणार नाही अशा बेतानं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. मला एवढं माहीत आहे की दोर बांधल्यावर त्याला कधी खरचटलंसुद्धा नाही. पुढं ही खूण घरातही आली. कुठल्या लग्नात बसलो असलो आणि याला कंटाळा आला, की बायकांच्या घोळक्यामागून येऊन माझ्या पदराला दोन हिसके द्यायचा. पळा!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माहेरच्या घरामागं नाही, अगदी घरासमोर, अंगणाच्या कडेला रायवळ आंबा होता. एका वळवाच्या पावसात त्याच्यावर वीज पडली. निम्मं झाड वाळलं आणि झुकलं ते नेमकं घराकडं. त्या घरापर्यंत क्रेनसारखी मोठी गाडी जात नाही. मोठ्या मशीनचा एक माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, आधी पुढचा सोपा उतरवून घ्या, मग बघू. तो सोपा, म्हणजे घरापुढची ओसरी, आबांनी स्वतः माती मळून बांधला होता. त्यांनी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. आठ दिवसांनी माझ्या सासरच्या गावी दूध संस्थेतल्या फोनवर निरोप आला: “पावण्यास्नी म्हनावं, आंबा बघाय या.”

नवऱ्यानं त्या रात्रीपासून मशीनची साखळी कानशीनं घासायला घेतली. इतकी घासली की मला वाटलं, पोचेपर्यंत काही उरते की नाही.

बुंध्याचा घेर मी माझ्या पाचवारी लुगड्यानं मोजला. एक वेढा बसला आणि पदर खांद्यावर घेण्याइतका उरला. चार फूट जाडी. समोरची खाच एक फूट खोल, तिच्यातून पोटात दीड फूट, मागून दीड फूट. जेमतेम. बोटभरसुद्धा शिल्लक नाही. पहिले दोन दिवस त्यानं घराकडच्या मोठ्या फांद्या उतरवल्या, म्हणजे तिकडचं वजन कमी होईल. झाड पाडायच्या परवानगीचा तलाठ्याचा कागद झाला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवली आणि हळदकुंकू लावून झाडाशी बोलला, तसं तो प्रत्येक झाडाशी बोलतो: “उद्या येतोय. ज्येचं कुनाचं घर असंल, त्येनं आज हालावं.” आबा सोप्यावर बसून ऐकत होते.

सकाळी नळी धरली, कावेची रेघ उठवली. म्हशी सोडून चुलत्यांच्या गोठ्यात नेल्या. आई, भावजय आणि आबांना चुलत्यांच्या सोप्यावर बसवून आले. आबांचे गुडघे तेव्हाच गेले होते, काठीनं चालायचे. मी त्यांना घोंगडी घालून दिली, पानाची चंची हातात दिली आणि सांगितलं, आवाज दिल्याशिवाय हलायचं नाही.

चहा घेताना नवरा मला म्हणाला, “एक ध्येनात ठेव. पोट कापाय घेतलं की मग थांबायचं न्हाय. गाभा गेल्यावर ते झाड कुनाचंच नसतंय. मग वारं काय करंल त्ये खरं.”

शेताकडची खाच नीट मिळाली. तांबडी रेघ दोन्हीकडून एकात एक. त्यानं टोक पोटात घातलं, पिवळा भुसा त्याच्या पायांवर ढिगानं पडला. मग तो मागच्या अंगाला आला. आता त्याची पाठ घराकडं होती आणि तोंड झाडाकडं. मी बाजूला, बांधावर, दोर मनगटाला. पहिली पाचर बसली, दुसरी बसली. शेंडा स्थिर होता. मी सहज घराकडं नजर टाकली.

आबा आमच्याच सोप्यावर बसले होते.

मागच्या दारानं आले असणार. नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून, काठी मांडीवर आडवी, पानाला चुना लावत. झाड मागं बसलं असतं तर त्यांच्या डोक्यावरच आलं असतं.

त्या वेळी मला जे वाटलं त्याला भीती म्हणणं अपुरं आहे. आधी आला तो राग. म्हातारा मरायला बसलाय आणि पान लावतोय! मी मोकळ्या हातानं जोरजोरात खूण केली, आत जा, मागं जा. त्यांनी मला बघितलं. पान तोंडात घातलं आणि हाताचा तळवा उचलून हलवला, बैल हाकणाऱ्याला पुढं जा म्हणून करतात तसा. चालू दे.

हिसका देऊ का नको? एक हिसका दिला की तो थांबणार, माझ्याकडं बघणार, मग मागं बघणार. सासरा सोप्यावर दिसला की त्याचे हात पहिल्यासारखे राहणार नाहीत. आबांना उठून मागच्या दारापर्यंत जायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ते झाड कुणाचंच नसणार, आणि दुपारचं वारं खालच्या खोऱ्यातून वर घराकडं चढायला लागलं होतं. दोर सोडून मी धावले, तर त्याच्या वर शेंड्याकडं बघणारं कुणी नाही. एका टोकाला नवरा, एका टोकाला बाप आणि मध्ये मी. मी दोर धरून उभी राहिले. शेंड्यावरची नजर हलवली नाही. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही मला.

मशीन दुसऱ्या बिजागरीपर्यंत आलं. त्यानं ते बंद करून बाजूला ठेवलं, घण घेतला आणि पाचरी आळीपाळीनं ठोकायला लागला. मागची फट बोटभर झाली. मग दोन बोटं. शेंडा घराकडून सुटला, सरळ झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि शेताच्या अंगाला निघाला. दोन्ही बिजागऱ्यांवर, सरळ, दार उघडावं तसा. जमीन हादरली. जिवंत अर्ध्यावरच्या कैऱ्या खाचरभर उड्या मारत गेल्या.

नवऱ्यानं घण टाकला, कपाळ पुसलं आणि मागं वळला.

मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. तो सरळ सोप्याकडं निघाला आणि दोराचं टोक माझ्या मनगटाला असल्यामुळं मीही त्याच्या मागं फरफटत निघाले. अंगणात उभा राहून तो माझ्या बापावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडला.

“अक्कल हाय का न्हाय तुमास्नी, मामा? मरायचं हुतं व्हय? काल सांगितलं न्हवं, समद्यांनी हालावं म्हनून?”

“पाखरास्नी सांगितलंतं की ते,” आबा म्हणाले. “माझं घर काय झाडावर न्हाय.”

“आन झाड मागं आलं असतं मंजे?”

“तुमी म्हनलासा शेताकडं पडंल. मग मी माझ्या सोप्यावर बसलो तर काय बिघाडलं?”

नवऱ्याला ओरडायची सवय नव्हती, लगेच दम लागला. त्यानं सोप्याच्या खांबाला हात टेकला. आबांनी पानाची पिंक टाकली आणि ते म्हणाले, “सात वर्सं झाली, पावणं म्हनतोय. कवा एकदा तरी वरडशील म्हनून वाट बघत हुतो. ये, बस हितं पोरा. पान घे.”

माझ्या बापाला माफी मागता यायची नाही. चिंचेच्या वेळचं ते वाक्य परत कसं घ्यायचं, हे त्यांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, आणि जमलं ते असं. त्यांचा मला तेव्हा राग आला होता, आज येत नाही. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो सोपा अजून उभा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. गारगोटीला बस बदलली, मशीन पोत्यात घालून सीटखाली सारलं. भावजयीनं पिशवीभर कैऱ्या दिल्या होत्या. नवरा खिडकीबाहेर बघतच म्हणाला, “तू त्यास्नी बघितलंतंस.”

मी म्हणाले, “व्हय.”

“मला कळलंतं.”

“कशावरनं?”

“दोर थरथरत हुता. पार कमरंपत्तुर येत हुतं. मागं काय तरी झालंया, येवढं कळलं.”

“मग थांबलासा का न्हाई? वळून तरी बघायचं हुतं!”

“तू दोर वडला कुठं?” तो म्हणाला.

मला रडू आलं, आणि बस भरलेली होती, म्हणून मी पिशवीत कैऱ्या शोधत असल्यासारखं केलं. माझ्या मनगटावर दोराचा तांबडा वळ उठला होता. चार माणसांत माझ्या शेजारी बसायलाही लाजणारा माझा नवरा. त्यानं तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि गडहिंग्लज येईपर्यंत सोडला नाही.